हंगामी आणि आगळीवेगळी बिअर: चाखण्याची बैठक कशी भरवावी, मत कसं द्यावं

कोकम घातलेली खारट बिअर, लाकडाच्या धुराचा वास येणारी बिअर, दोन-तीन वर्षं पिंपात आंबत पडलेली बिअर. यातली कुठलीही पहिल्यांदा प्यायली की बहुतेकांच्या तोंडून दोनच वाक्यं निघतात: ‘भारी आहे’, नाहीतर ‘ही काय बिअर आहे का?’ दोन्ही वाक्यांतून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याने ती घ्यावी का, कशासोबत प्यावी, पुढच्या हंगामात परत शोधावी का, हे सगळं तसंच राहतं.

माझं म्हणणं असं आहे की अशा बिअरवर मत देण्याआधी ती काय व्हायला निघाली होती हे माहीत हवं. सोलकढी पिऊन हिच्यात ताकाचा आंबटपणा नाही अशी तक्रार कुणी करत नाही. धुराच्या बिअरला धुराचा वास आला म्हणून नाक मुरडणाऱ्याने आणि गोझं ही मिठाची जर्मन बिअर खारट लागली म्हणून ग्लास परत पाठवणाऱ्याने नेमकी हीच गल्लत केलेली असते. आवडनिवड प्रत्येकाची स्वतःची. पण ती सांगण्याआधी दोन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या एकट्याने चढण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून चढलं तर जास्त शिकायला मिळतं. म्हणून हा लेख एका बैठकीचा आहे: घरी, मित्रमंडळींत, एका संध्याकाळी सहा बिअरी.

माणसं, माप आणि कायदा

सहा माणसं पुरे. आठांच्या वर गेलं की दोन गट पडतात आणि बिअर बाजूलाच राहते. महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी किमान वय २१ आणि कडक दारूसाठी २५ आहे. हंगामी बिअरी अनेकदा ५ टक्क्यांच्या वर जातात, म्हणजे स्ट्राँग होतात. म्हणून बैठकीला सगळे पंचविशी पार केलेलेच असावेत. मद्य पिण्याचा परवाना काढून ठेवा, आणि तारीख ठरवताना ड्राय डे बघा.

प्रत्येकाला एका बिअरचे १०० मिली, त्याहून जास्त नाही (धुराच्या बिअरचा तेवढा अपवाद, तो पुढे येईल). हे माप कमी वाटतं, पण हिशोब करून बघा. सहा बिअरी, सरासरी साडेसहा टक्के अल्कोहोल धरलं तर एका माणसाच्या पोटात ३९ मिली, म्हणजे जवळजवळ ३१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. या मापानंतर ती ओलांडलेली असण्याचीच शक्यता धरायची आणि किल्ल्या घरीच ठेवायच्या. मंडळींत न पिणारं कुणी असेल तर त्याला किंवा तिला आवर्जून बोलवा. वास घेऊन टिपणं लिहायला, कुठल्या ग्लासात काय आहे हे गुपित सांभाळायला असं माणूस लागतंच. पुढे त्याचं काम येणार आहे.

हंगाम म्हणजे नक्की कशाचा

बिअर निवडण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. युरोपात बिअरचा हंगाम फळांवरून कमी आणि तापमानावरून जास्त ठरला. १५५३ साली बव्हेरियात २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायला बंदी घातली गेली, कारण उन्हाळ्यात आंबवण बिघडायची. मग मार्चमध्ये थोडी जास्त जोरकस बिअर बनवून थंड तळघरात ठेवायची आणि शरदापर्यंत पुरवून प्यायची अशी पद्धत पडली. तीच मेर्त्सेन, म्हणजे मार्चची बिअर. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टशी, जो १८१० साली राजपुत्राच्या लग्नानिमित्त सुरू झाला, तिचं नातं नंतर जुळलं. आज तिथल्या तंबूंत मिळते ती मात्र तांबूस मेर्त्सेन नसून फिकट सोनेरी, साधारण ६ टक्क्यांची फेस्टबिअर असते. त्यामुळे ‘ऑक्टोबरफेस्ट’ लिहिलेल्या दोन बाटल्या अगदी वेगळ्या रंगाच्या निघाल्या तर एक खोटी आहे असं समजू नका. एक जुन्या पद्धतीची आहे, दुसरी नव्या.

बेल्जियमच्या फ्रेंचभाषक भागातली सेझों ही शेतावरची बिअर. हिवाळ्यात बनवायची आणि उन्हाळ्यातल्या कामकऱ्यांसाठी ठेवायची, अशी तिची परंपरा सांगितली जाते. आपल्या मुंबईशी जोडलेली हंगामी बिअरही आहे. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या कारखान्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर चढून हिंदुस्थानात येणारी फिकट एल (एल म्हणजे उबेत आंबवलेली बिअर) ही इंग्लंडातल्या ऑक्टोबर बिअरच्या घराण्यातली. नव्या पिकाच्या माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्सपासून (कडूपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं) शरदात बनवायची आणि मुरवायची. आज बारमाही मिळणाऱ्या आयपीएची (इंडिया पेल एल) मुळं एका हंगामी बिअरमध्ये आहेत.

महाराष्ट्रात फ्रिज आणि कूलिंग प्लांट असताना थंडीचं बंधन उरलं नाही. आपल्याकडचा हंगाम फळांचा: डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, एप्रिल-मे हापूस आणि कोकम, पावसाच्या तोंडावर जांभूळ, हिवाळ्यात नागपुरी संत्रं. फळ बाजारात आल्या दिवशी बिअर टॅपवर येत नाही हे ध्यानात ठेवा. आंबवायला, निवळायला दोन-तीन आठवडे जातात. हापूसची बिअर शोधायची तर एप्रिलच्या सुरुवातीपेक्षा मेच्या मध्यावर फोन करा.

सहा बाटल्या कशा निवडायच्या

एकाच प्रकारच्या सहा घेतल्या तर बारकावे कळतात, सहा टोकांच्या घेतल्या तर जिभेला आवाका कळतो. पहिल्या बैठकीला दुसरा मार्ग बरा. माझी पसंती अशी: एक साधी, स्वच्छ लागर (थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर) किंवा गव्हाची बिअर (मोजपट्टी म्हणून), एक सेझों किंवा विटबिअर (बेल्जियन गव्हाची बिअर), एक आंबट, एक फळाची, एक धुराची किंवा भरपूर हॉप्सची, आणि शेवटी एक जड, काळी. साधी बिअर वगळू नका. तिच्याशिवाय बाकीच्यांचा वेगळेपणा कशाच्या तुलनेत मोजणार?

पुण्यात हे जमवणं सोपं आहे. डूलाली या मायक्रोब्रुअरीने, म्हणजे स्वतःची बिअर बनवून तिथेच विकणाऱ्या छोट्या कारखान्याने, २००९ साली इथे सुरुवात केली. त्यानंतर शहरात इतक्या मायक्रोब्रुअरी झाल्या की फळ्यावर काहीतरी हंगामी लागलेलं असतंच. ग्रेट स्टेट एलवर्क्सची सॉल्टेड कोकम एल ही स्थानिक फळ आणि जुनी जर्मन पद्धत यांचा मेळ कसा बसतो हे समजून घ्यायला उत्तम नमुना आहे. मूनशाईन मीडरीची मीड मिळाली तर आणा, पण ती मधापासून बनते, बिअर नव्हे. बैठक संपल्यावर वेगळी उघडा.

बेल्जियमची खरी लँबिक (हवेतल्या जंतूंनी आंबलेली बिअर) किंवा जर्मनीतल्या बांबर्गची धुराची बिअर इथल्या वाईन शॉपमध्ये क्वचितच सापडते. परदेशातून कुणी येत असेल तर सांगून ठेवा: प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ३३० मिलीच्या सहा बाटल्या नेमक्या बसतात. कपड्यांत गुंडाळून, मोठ्या बॅगेत, उभ्या नव्हे तर घट्ट रचून.

विकत घेताना आधी तारीख बघा. हॉप्सच्या वासावर उभी असलेली बिअर तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर सोडून द्या, लेबलवर सहा महिने लिहिलेले असले तरी. लँबिक, जड स्टाउट (काळी बिअर), डॉपेलबॉक (जोरकस जर्मन लागर) यांना वय मानवतं. दुकानात बाटली कुठे ठेवली आहे तेही बघा. उन्हाच्या काचेत मांडलेली बाटली, तीही हिरवी किंवा पारदर्शक, कितीही दुर्मीळ असली तरी घेऊ नका. मायक्रोब्रुअरीतून ग्रोलर (टॅपवरून भरून घ्यायची मोठी बाटली) भरून आणलात तर तो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवा, आणि वाटेत थंड ठेवा. फळाच्या बिअरमध्ये साखर शिल्लक असेल तर उबेत ती पुन्हा आंबू लागते आणि आतला दाब वाढतो. अशी बाटली कायम फ्रिजमध्ये ठेवायची आणि सिंकवर धरून, हळूहळू उघडायची.

खोली, ग्लास, थंडपणा

ज्या दिवशी बैठक त्या दिवशी स्वयंपाकघरात फोडणी, हॉलमध्ये उदबत्ती आणि अंगावर अत्तर नको. ग्लास वाईनचा चालतो, तोंडाशी निमुळता असला की वास गोळा होतो. भांड्यांच्या लिंबाच्या साबणाचा वास काचेला चिकटतो, म्हणून गरम पाण्याने दोनदा विसळा आणि हवेवर वाळू द्या. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले तर ग्लास तेलकट आहे, परत धुवा. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवायची सवय मात्र सोडा. बर्फगार बिअरला वास नसतो, आणि इथे आपण वासासाठीच जमलोय.

फ्रिजमधल्या बिअरला साधारण ४ अंश असतात. लागर ५ ते ७, गव्हाची आणि आंबट ६ ते ९, धुराची आणि सेझों ८ ते १०, जड काळी १२ अंशांच्या आसपास चांगली खुलते. थर्मामीटर लागत नाही. पुण्याच्या मे महिन्यात १०० मिली बिअर ग्लासात पाच मिनिटांत बरीच गरम होते. हलक्या बिअरी थेट फ्रिजमधून ओता, जड बाटली पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा.

चखणा बैठक संपेपर्यंत बंद. चकलीतला ओवा, शेंगदाण्यावरचं मीठ, फरसाणाचं तिखट जिभेवर बसलं की पुढची बिअर समजत नाही. मध्ये साधा पाव किंवा बिनमिठाचे कुरमुरे आणि पाणी. पोटात मात्र आधी जेवण हवं. उपाशीपोटी बसू नका.

वासाचं ताट

ही पायरी लोक टाळतात, आणि माझ्या मते सगळ्या बैठकीत हीच सगळ्यात उपयोगी. वास नाकाला कळतो पण त्याचं नाव वेळेवर आठवत नाही. म्हणून एका ताटात छोट्या वाट्या मांडा: आमसूल, ताक, कैरीची फोड, व्हिनेगरचे चार थेंब, कुटलेले धणे, एक लवंग, पिकलेल्या केळ्याचा तुकडा, गुळाचा खडा, करपवलेली पावाची कड, कॉफीची पूड, उकडलेल्या मक्याचे दाणे, वितळलेलं लोणी, आणि पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. प्रत्येकाने एकदा सगळ्या वाट्यांचा वास घ्यायचा आणि बिअर पिताना अडलं की परत ताटाकडे जायचं.

यातल्या प्रत्येक वाटीला बिअरमध्ये ठरावीक कारण आहे. केळं आणि लवंग ही बव्हेरियन गव्हाच्या बिअरच्या यीस्टची देणगी, तिथे कुणी केळं घातलेलं नसतं. धणे विटबिअर आणि गोझंमध्ये खरोखर घालतात. लोण्याचा वास डायअसिटिलचा: यीस्टला काम पुरं करायला वेळ दिला नाही की तो मागे राहतो. उकडलेला मका म्हणजे फिकट माल्टमधून येणारं डीएमएस, उकळी नीट न दिल्याची खूण. ओला पुठ्ठा म्हणजे ऑक्सिजनने म्हातारी झालेली बिअर.

ओतण्याचा क्रम

हलक्याकडून जडाकडे जा, एवढा नियम सगळे सांगतात. मी त्यात भर घालेन. आंबट बिअर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर ठेवा, ती जीभ स्वच्छ करते. कडू हॉप्सची तिच्यानंतर ठेवा, कारण कडूपणा जिभेवर रेंगाळतो. धुराची शेवटून दुसरी. धूर नाकात बसला की पुढे नाजूक काही कळत नाही, जड स्टाउट तेवढी त्याच्यापुढे टिकते. आणि सगळं संपल्यावर पहिल्या साध्या बिअरचा राखून ठेवलेला एक घोट परत घ्या. तासाभरापूर्वी फिकी वाटलेली लागर आता गोड, भरलेली लागते किंवा अगदी पाणचट लागते. दोन्हींतून आपल्या जिभेचं काय झालं हे कळतं, आणि शेवटच्या दोन बिअरींवर दिलेलं मत किती विश्वासाचं ते ठरवता येतं.

एक ग्लास, चार मिनिटं

ओतलं की आधी लगेच वास. पहिल्या काही सेकंदांत उडून जाणारे वास नंतर मिळत नाहीत. दोन-तीन छोटे हुंगे घ्या, एक लांब नको. मग रंग आणि फेस उजेडासमोर धरून बघा, पण त्यावर फार वेळ घालवू नका. गढूळपणा गव्हाच्या बिअरमध्ये अपेक्षित असतो, फिल्टर केलेल्या लागरमध्ये नसतो, बस. मग एक घोट तोंडभर फिरवून गिळा आणि नाकातून श्वास सोडा. चवीचा मोठा भाग इथे, मागच्या बाजूने नाकात चढणाऱ्या वासातून कळतो. गिळल्यावर थांबा: काय उरलं, किती वेळ उरलं, तोंड कोरडं पडलं की पाणी सुटलं? दुसरा घोट दोन मिनिटांनी, ग्लास थोडा गरम झाल्यावर.

या चार मिनिटांत कुणीही बोलायचं नाही. हे पाळायला अवघड आहे, पण पाळा. पहिल्या माणसाने ‘लिची येतेय ना?’ म्हटलं की उरलेल्या पाचांना लिचीच येते. प्रत्येकाने कागदावर तीन ओळी लिहायच्या: काय आहे, काय व्हायचं होतं, मला कशी वाटली. याच क्रमाने.

बोलायची वेळ आली की ज्याने सगळ्यात कमी बिअरी प्यायल्या आहेत त्याने सुरुवात करायची. घरी बिअर बनवणारा, प्रवास केलेला, सगळ्यांनी जाणकार मानलेला माणूस शेवटी. नाहीतर नवखा माणूस आपलं खरं निरीक्षण गिळून टाकतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात ताजं निरीक्षण त्याच्याकडेच असतं. ‘मला आमसुलाचा चिकट तुरटपणा लागला’ हे वाक्य ‘टार्ट, कॉम्प्लेक्स’ पेक्षा कितीतरी कामाचं.

गुण द्यायचे का? बिअर परीक्षकांची बीजेसीपी पद्धत ५० गुणांची आहे: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५, एकूण परिणामाला १०. रूपाला फक्त ३ ठेवलेत यातून शिकण्यासारखं आहे. पण पहिल्या बैठकीला मी आकडे टाळेन. आकडा पडला की चर्चा ३४ की ३७ यावर अडकते आणि बिअर विसरली जाते.

आंबट बिअर: तीन आंबट वेगळे करा

आंबट बिअरवर सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून इथे थोडं थांबू. साध्या बिअरचा पीएच ४.२ ते ४.५ च्या आसपास, आंबट बिअरचा ३ ते ३.५. पण तो आंबटपणा कुठून आला यावर सगळं अवलंबून आहे.

पहिला ताकाचा आंबटपणा. लॅक्टोबॅसिलस जीवाणू उबदार वर्टमध्ये (माल्टचं अजून न आंबवलेलं गोड पाणी) सोडून एक-दोन दिवस ठेवतात, मग उकळून त्यांना थांबवतात आणि नेहमीचं यीस्ट घालतात. हा गोलसर, मऊ, जिभेच्या कडांना लागणारा आंबट. लाइपझिगची गोझं आणि बर्लिनर वाइसं याच घराण्यातल्या. गोझंमध्ये मीठ आणि धणे असतात. मीठ इतकंच हवं की दुसऱ्या घोटाची इच्छा व्हावी, समुद्राचं पाणी लागता कामा नये.

दुसरा फळाचा आंबटपणा. कोकमातलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल टोकदार असतं आणि त्याच्यामागून तुरटपणा येतो, जिभेवर लेप बसल्यासारखा. कोकमाच्या बिअरमध्ये हे दोन्ही आंबट एकत्र असू शकतात. घोट घेऊन आधी मऊ लागतंय की टोकदार, हे शोधणं हा त्या ग्लासातला खरा आनंद. रंगाला मात्र भुलू नका. कोकमाचा लालगुलाबी रंग थोड्या फळातही भरपूर येतो, त्यावरून कोकम किती घातलं हे कळत नाही.

तिसरा व्हिनेगरचा. नाकात झिणझिण्या, घशात जळजळ. हा जवळजवळ नेहमी दोष, अपवाद बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या लाल बिअरींचा. त्यांत तो थोडासा, माफक असतो.

आता लँबिक. ब्रसेल्समध्ये कांतियों ही १९०० साली सुरू झालेली ब्रुअरी आजही जुन्या पद्धतीने चालते. थंडीच्या महिन्यांत उकळलेलं वर्ट माळ्यावरच्या उथळ, रुंद तांब्याच्या भांड्यात रात्रभर उघडं ठेवतात, हवेतले आणि इमारतीतले जंतू त्यात उतरतात, आणि मग ते लाकडी पिंपांत एक ते तीन वर्षं आंबतं. वेगवेगळ्या वयाच्या लँबिक मिसळून बाटलीत पुन्हा आंबवली की गोझ, म्हणजे ती मिठाची गोझं नव्हे, ही वेगळी. त्यात ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट असतं. गोठा, घोड्याचं खोगीर, जुनं लाकूड, ओलं गवत असे वास येतात आणि ते तिथे हवेच असतात. बाटलीवर ‘औदं’ हा शब्द असेल तर ती जुन्या पद्धतीची आणि बिनसाखरेची. चेरी किंवा पीचची गोड लँबिकही मिळते, ती गोड केलेली असते. चांगली असू शकते, पण तिच्यावरून लँबिकचं मत बनवू नका.

हापूसची बिअर गोड का लागत नाही

लोकांना आमरसाची अपेक्षा असते. पण यीस्ट फळातली साखरच खातं. मागे उरतं ते आम्ल, थोडा तुरटपणा आणि टिकला तर वास. नीट आंबवलेली हापूसची बिअर कोरडी असणार, आंबा नाकात जास्त आणि जिभेवर कमी. ती आमरसासारखी गोड असेल तर रस नंतर घातलाय किंवा आंबवण मध्ये थांबवलीय. दोन्ही चालतं, पण ते ओळखता यावं. दुसरा फसवा मुद्दा: सिट्रा, मोझॅइक अशा हॉप्सना मुळातच आंब्याचा वास असतो. ‘मँगो’ वाटणाऱ्या आयपीएमध्ये आंब्याची एक फोडही नसू शकते. फळ्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा ब्रुअरला विचारा: फळ कधी घातलं, कच्चं की पल्प, लिटरला किती? चांगल्या ब्रुअरला या प्रश्नांचा कंटाळा येत नाही.

धूर, आणि दुसरा ग्लास

जर्मनीत बांबर्गला श्लेंकेर्ला आणि श्पेत्सिआल या दोन ब्रुअरींनी धुराची बिअर जिवंत ठेवली. बीचच्या लाकडाच्या आगीवर माल्ट वाळवतात. एके काळी माल्ट सर्रास आगीवरच वाळवलं जायचं, धूर टाळण्याची सोय नंतर आली. श्लेंकेर्लाच्या मेर्त्सेनमध्ये पहिल्या घोटाला भाजलेल्या, धुरावलेल्या मांसाचा वास येतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका. नाक धुराला सरावलं की खालचं गोडसर, पावासारखं माल्ट वर येतं. म्हणून धुराच्या बिअरला बैठकीत १०० ऐवजी १५० मिली द्या आणि मत शेवटच्या घोटावर लिहा. धूर स्वच्छ लाकडाचा हवा. जळक्या रबराचा किंवा दवाखान्याचा वास आला तर तो दोष. एक गंमतीची माहिती: श्लेंकेर्लाच्या साध्या हेलेस लागरमध्ये धुराचं माल्ट नसतं, तरी त्याच भांड्यांतून आणि यीस्टमधून धुराची हलकी छटा तिच्यात उतरते.

सेझोंमध्ये मिरीसारखा चटका आणि खडखडीत कोरडा शेवट शोधा. ती गोड लागली तर काहीतरी चुकलंय. नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक यीस्ट ३५ ते ४० अंशांतही नीट आंबतं आणि संत्र्याचे वास देतं, त्यामुळे उष्ण गावांत घरगुती प्रयोग करणाऱ्यांना ते मोलाचं. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताज्या, न वाळवलेल्या हॉप्सची बिअर येते. वेलीवरून उतरवलेले हॉप्स साधारण एका दिवसात उकळीत पडावे लागतात. ती मिळाली की लगेच प्या, साठवू नका.

दोष की वैशिष्ट्य

‘हा वास इथे अपेक्षित आहे का?’ हाच प्रश्न. गोठ्याचा वास लँबिकमध्ये गुण, लागरमध्ये बिघाड. लवंग गव्हाच्या बिअरमध्ये हवी, आयपीएमध्ये आली तर रानटी यीस्ट शिरलं असेल. लोण्याची किंचित छटा काही चेक लागरमध्ये मान्य, बाकी कुठे नको. ओला पुठ्ठा कुठेच नको.

उन्हाने खराब झालेली बिअर ओळखायला घरी एक प्रयोग करा. साधी, हॉप्स असलेली फिकट बिअर दोन ग्लासांत ओता. एक ग्लास कपाटात, दुसरा पंधरा मिनिटं थेट उन्हात. मग दोन्हींचा वास घ्या. उन्हातल्या ग्लासाला उग्र, कुबट, जळक्या रबराकडे झुकणारा वास येतो. उजेडाने हॉप्समधली कडू द्रव्यं तुटून गंधकाचं एक संयुग तयार होतं, त्याचा हा वास. एकदा नाकात बसला की आयुष्यभर ओळखता येतो, आणि तपकिरी बाटलीची किंमत कळते.

आणखी एक चाचणी, बैठकीच्या शेवटी. न पिणाऱ्या मित्राने प्रत्येकासमोर तीन ग्लास ठेवायचे, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात जवळची पण वेगळी. वेगळा कुठला ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक बरोबर येतो. सहांपैकी दोघांनीच ओळखलं तर तो योगायोग धरायचा, पाच जणांनी ओळखलं तर फरक खरा आहे. दोन हंगामांतली एकाच ब्रुअरीची कोकम बिअर बदलली आहे का, यावर वाद घालण्याआधी ही चाचणी करा. त्यासाठी गेल्या वर्षीची एक बाटली फ्रिजच्या मागच्या कप्प्यात जपलेली हवी, आणि जुनेपणामुळे पडलेला फरकही हिशोबात धरावा लागतो.

टिपणं आणि ब्रुअरला निरोप

कागद फेकू नका. तारीख, बिअरचं नाव, बनवल्याची तारीख, बाटली की टॅप, आणि सहा जणांच्या तीन-तीन ओळी एकाच वहीत चिकटवा. पुढच्या वर्षी तीच बिअर आली की आधी प्या, लिहा, आणि मगच जुनं पान उघडा.

हंगामी बिअर बनवणाऱ्याकडे चूक सुधारायला एका वर्षात एखादीच संधी असते, कारण फळ संपलं की संपलं. म्हणून त्याला कळवा. ‘आवडली नाही’ असं नको. असं लिहा: ‘१८ मेला टॅपवर घेतली. कोकम स्वच्छ, मीठ बरोबर, पण धणे पहिल्याच हुंग्यात फार पुढे येत होते, सहांपैकी चौघांना. ग्लास गरम झाल्यावर ते मागे गेले आणि बिअर जास्त आवडली.’ एवढं मिळालं तर त्याला धणे कमी करायचे की थोड्या गरम तापमानाला ओतायला सांगायचं, हे ठरवता येतं.